हडळ उगाच होत नाही कुणी

परवा दिवाळीच्या सुट्टीत लेक पुण्याहून आली. रात्रीची जेवणं उरकली, ओटा पुसून झाला आणि तिने लॅपटॉप माझ्यासमोर आणून ठेवला. "आई, आज माझ्या आवडीचा सिनेमा. मध्येच उद्याची डाळ भिजत घालायला उठायचं नाही," अशी ताकीदही दिली. सासूबाई कॉटवर जपमाळ घेऊन बसल्या होत्या. "कसला गं सिनेमा?" त्यांनी विचारलं. "भुताचा आहे आजी. पण विनोदी आहे." "म्हणजे आमच्या संसारासारखाच की," असं म्हणून त्यांनी माळ पुढे ओढली. आम्ही दोघी हसत सुटलो.

सिनेमाचं नाव ‘जेनिफर्स बॉडी’. अमेरिकेतला, २००९ सालचा. कॅरिन कुसामा ही दिग्दर्शिका आणि डायब्लो कोडी ही लेखिका. म्हणजे सिनेमा दोन बायकांनी रचलेला. कोडीला त्याच्या आदल्याच वर्षी, २००८ मध्ये, ‘जूनो’च्या पटकथेसाठी ऑस्कर मिळालं होतं. एवढं असूनही हा सिनेमा आला तेव्हा सपशेल आपटला. समीक्षकांनी नाकं मुरडली, प्रेक्षकांनी पाठ फिरवली. आज मात्र त्याच सिनेमाला तिकडे ‘कल्ट क्लासिक’ म्हणतात. म्हणजे काय, तर आधी पडलेला, पण नंतर वेड्यासारखं प्रेम करणारे लोक मिळालेला सिनेमा. आपल्याकडे ‘अंदाज अपना अपना’चं झालं ना, तसंच. १९९४ साली तो आला तेव्हा फारसा चालला नाही आणि नंतर एकेका घरात दहा-दहा वेळा बघितला गेला.

पण ‘अंदाज अपना अपना’ नंतर का आवडला हे सांगायला कुणी लागत नाही. ‘जेनिफर्स बॉडी’चं तसं नाही. तो आधी का पडला आणि नंतर का उचलला गेला, यात आपल्या सगळ्याजणींना विचार करायला लावणारं काहीतरी आहे. म्हणून आज त्याच्याविषयी लिहावंसं वाटलं. आधीच सांगते, सिनेमा मोठ्यांसाठीचा आहे. रक्त भरपूर, भाषा शिवराळ. शाळकरी मुलांना सोबत घेऊन बघण्यातला नव्हे.

गोष्ट थोडक्यात अशी. मिनेसोटा राज्यातलं डेव्हिल्स केटल नावाचं एक काल्पनिक छोटं गाव. तिथल्या शाळेत दोन मैत्रिणी. जेनिफर देखणी, गावातली सगळी पोरं जिच्या मागे आहेत अशी. दुसरी अनिता, पण सगळे तिला नीडी म्हणतात. नीडी म्हणजे गरजू! जाड चष्म्याची, साधी, मैत्रिणीच्या सावलीत वाढलेली. गावातल्या एका गुत्त्यात शहरातून ‘लो शोल्डर’ नावाचा गाणाऱ्या पोरांचा बँड येतो. कार्यक्रम चालू असताना तिथे भयंकर आग लागते, माणसं मरतात. दोघी मैत्रिणी खिडकीतून कशाबशा बाहेर पडतात. जेनिफर धक्क्याने बधिर झालेली. बँडचा म्होरक्या तिला काहीतरी प्यायला देतो आणि आपल्या गाडीकडे नेतो. नीडी नको नको म्हणत असते. जेनिफर गाडीत बसते.

इथे माझ्या तोंडून पटकन निघालं, "अगं, पण कशाला गेली ही?"

लेकीने सिनेमा थांबवला. माझ्याकडे बघितलं आणि शांतपणे म्हणाली, "आई, तू केंद्रात येणाऱ्या मुलींनाही हेच विचारतेस?"

मी गप्प बसले. त्याचं कारण शेवटी सांगते.

बळी कुणाचा, भरभराट कुणाची

त्या गाडीतली पोरं गुंड दिसत नाहीत. चांगल्या घरची, गोड बोलणारी, नीटनेटकी पोरं. त्यांना हवी आहे प्रसिद्धी. बँड काही केल्या वर येत नाही. मग त्यांनी ठरवलंय की सैतानाला एका कुमारिकेचा बळी द्यायचा आणि त्याच्याकडून यश मागून घ्यायचं. हल्ली आमच्यासारख्या बँडला पुढे येणं किती अवघड झालंय, याचं रडगाणं त्यांचा म्होरक्या त्या बांधून ठेवलेल्या मुलीला ऐकवतो! सुरा हातात आहे आणि तक्रार स्पर्धेची चाललीय. मग सगळे मिळून गाणं म्हणतात आणि वार करतात. हसावं की रडावं कळत नाही. या सिनेमाचा विनोद आहे तो असा. मारणारे राक्षस नाहीत, ते आपल्या करिअरची काळजी करणारे तरुण आहेत.

‘नरबळी’ हा शब्द आपल्याला परका नाही. परभणी जिल्ह्यातल्या मानवतमध्ये १९७२ ते १९७४ या काळात बायकांचे आणि लहान मुलींचे खून झाले. गुप्तधनासाठी बळी दिल्याची ती प्रकरणं अजून लोकांच्या बोलण्यात येतात. डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा ऑगस्ट २०१३ मध्ये खून झाला आणि त्यानंतर महाराष्ट्राला जादूटोणाविरोधी कायदा मिळाला. त्या कायद्याच्या नावातच नरबळी हा शब्द आहे. देश वेगळा, देव-सैतान वेगळे, पण हिशेब तोच. कुणाची तरी भरभराट व्हावी म्हणून किंमत मोजायची ती पोरीच्या जिवाने.

आता खरी मेख. जेनिफर कुमारिका नसते. बँडवाल्यांचं बोलणं ऐकून नीडीने मैत्रिणीची अब्रू राखायला ठणकावून सांगितलेलं असतं, ती तसली नाही म्हणून. पुढे गाडीत पोरं जेनिफरलाच विचारतात. तिला वाटतं, हो म्हटलं की सोडतील, म्हणून तीही हो म्हणते. म्हणजे जन्मभर मुलींना जे शिकवलं जातं, की ‘चांगली मुलगी’ म्हटलं की तुझं रक्षण होईल, तेच तिला मरणाकडे घेऊन जातं. बळी ‘चुकीचा’ दिल्यामुळे ती मरते, पण मरूनही उरते. सैतान तिच्या अंगात शिरतो आणि ती गावातल्या पोरांना खाऊ लागते.

मुलीच्या चारित्र्यावर तिच्या दुःखाचा भाव ठरवणं हे आपल्या न्यायालयांनीही केलेलं आहे. १९७२ सालचं देसाईगंज पोलीस चौकीतलं मथुरा प्रकरण आठवा. त्या आदिवासी मुलीला आधीपासून शरीरसंबंधांची सवय होती, ही गोष्ट तिच्या विरोधात मोजली गेली आणि सर्वोच्च न्यायालयात आरोपी सुटले. देशभर बायका रस्त्यावर उतरल्या, तेव्हा कुठे १९८३ मध्ये कायदा बदलला. पीडितेची ‘दोन बोटांची’ तपासणी चुकीची आहे हे सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये सांगितलं आणि २०२२ मध्ये पुन्हा बजावून सांगावं लागलं. तर ‘ती तसली होती का’ हा प्रश्न फक्त त्या सैतानाच्या भक्तांचा नाही, बायांनो.

पोस्टर एक, सिनेमा दुसराच

मग असा सिनेमा पडला का? तो वाईट होता म्हणून? अजिबात नाही. रॉजर इबर्टसारख्या नामवंत समीक्षकाने तेव्हाच त्याला चारपैकी तीन तारे दिले होते. पण जेनिफरचं काम केलं होतं मेगन फॉक्सने. त्याच वर्षीच्या उन्हाळ्यात तिचा ‘ट्रान्सफॉर्मर्स’चा दुसरा भाग येऊन गेला होता आणि त्या सिनेमांत तिला फक्त बघण्याची वस्तू करून ठेवलेलं होतं. स्टुडिओने विचार केला, हिला बघायला पोरं येतील. झालं! पोस्टरवर आखूड स्कर्टमधली मेगन शाळेच्या बाकावर बसलेली. जाहिरातीत दोन मुलींच्या चुंबनाचा गाजावाजा.

कुसामा आणि कोडी दोघींनीही नंतर मुलाखतींतून सांगितलं, की आम्ही हा सिनेमा मुलींसाठी केला होता आणि तो विकला गेला पोरांना. कुसामाने २०१८ साली सांगितलेली एक आठवण तर ऐकण्यासारखी आहे. सिनेमा कसा विकायचा ठरवलाय असं विचारल्यावर तिला प्रसिद्धी विभागाकडून जे उत्तर आलं त्याचा मथितार्थ एवढाच होता, की जेनिफर मादक आहे आणि ती तुमचा मित्र पळवते. दोन वर्षांची मेहनत आणि सांगणं काय, तर एवढं.

परिणाम व्हायचा तोच झाला. अंगप्रदर्शन बघायला आलेल्या पोरांना पडद्यावर त्यांच्याचसारख्या पोरांची आतडी दिसली. ती वैतागली. ज्यांच्यासाठी सिनेमा होता त्या मुली पोस्टर बघूनच फिरकल्या नाहीत. सिनेमागृहातून बाहेर पडणाऱ्या प्रेक्षकांकडून श्रेणी घेण्याची तिकडे पद्धत आहे, त्यात ‘सी वजा’ मिळाली. सुमारे १ कोटी ६० लाख डॉलर खर्चून केलेल्या सिनेमाने जगभरात ३ कोटी १० लाखांच्या आसपास गल्ला जमवला. दुप्पट दिसतं खरं, पण थिएटरवाल्यांचा वाटा आणि जाहिरातींचा खर्च वजा जाता हात कोरडेच. मग सगळं खापर दोन बायकांवर. ही मेगन फक्त दिसते, तिला अभिनय येत नाही. ही लेखिका फार शहाणी समजते स्वतःला. कुसामाचा पुढचा सिनेमा यायला २०१५ साल उजाडावं लागलं. एका सिनेमाच्या अपयशानंतर पुरुष दिग्दर्शकाला सहा वर्षं घरी बसावं लागल्याची किती उदाहरणं तुम्हाला आठवतात?

पेढेवाल्याच्या खोक्यात लोणचं भरून विकलं, तर गिऱ्हाईक तोंड वाकडं करणारच. त्यात लोणच्याचा काय दोष?

कौतुक कुणाचं झालं

सिनेमात मला सगळ्यात जास्त बोचलं ते पोरं खाण्याचं नाही. आगीनंतर गावात अफवा उठते, की त्या बँडवाल्यांनी जिवावर उदार होऊन लोकांना वाचवलं. सगळं खोटं. नीडी स्वतः तिथे होती, ती सांगते की असं काही घडलं नाही, ते पळून गेले. कुणी ऐकत नाही, उलट वर्गातली पोरं-पोरी तिच्यावरच उखडतात. बँडचं गाणं म्हणजे जणू गावाच्या दुखवट्याचं गीत होतं. नफ्यातला चिमूटभर वाटा पीडितांना देऊन ते धर्मात्मे ठरतात. ज्यांनी मारलं ते वीर, जी मेली ती राक्षसीण आणि जी खरं बोलली तिला शेवटी मनोरुग्णालयात कोंडलेलं. छोट्या गावात राहणाऱ्या कुणाही बाईला हे चित्र समजावून सांगावं लागणार नाही.

पण सिनेमा एकांगीही नाही. जेनिफर आधीपासून काही देवी नव्हती. ती नीडीला हिणवते, वापरते, तिची प्रत्येक गोष्ट आपलीच समजते. लहानपणी मातीत खेळताना जुळलेली ही मैत्री. दोघींच्या गळ्यात मैत्रीची साखळी आणि त्या साखळीत प्रेम आहे, मत्सर आहे, धाक आहे. जेनिफर जे पोरगे खाते तेही तिचे गुन्हेगार नव्हेत. एक बिचारा जिवलग मित्राच्या मरणाने रडवेला झालेला, एक नुसता अबोल, आणि शेवटी नीडीचा भोळाभाबडा प्रियकर. गुन्हेगार दूर शहरात गाणी गात असतात. काहींना ही सिनेमाची चूक वाटते. हा कसला स्त्रीवाद, मेले ते निरपराधच, असं म्हणतात. मला मात्र तिथेच तो खरा वाटला. आपला संताप योग्य माणसापर्यंत पोचतो कुठे? साहेबावरचा राग नवरा बायकोवर काढतो, बायको पोरावर आणि सासूवरचा राग भांड्यांवर. जिच्यावर अन्याय झाला तिचा राग जवळच्या माणसांना जाळतो आणि मैत्रिणींना एकमेकींवर सुरा उचलायला लावतो. सिनेमातही तेच होतं. नीडी जेनिफरच्या गळ्यातली ती साखळी तोडते आणि तिला मारते. भुताचा सिनेमा असून डोळ्यांत पाणी आलं ते त्या साखळीसाठी.

शेवटी नीडी त्या रुग्णालयातून पळते आणि बँडवाल्यांना शोधून काढते. पुढचं आपल्याला फक्त शेवटच्या नावांबरोबर फोटोंमधून कळतं. सुडाचं मी समर्थन करत नाही. केंद्रात बसून रोज कायद्याची वाट दाखवणारी मी, कसं करणार? पण ज्या गावात पोलीस, शाळा, शेजारी कुणीही त्या पोरांना एक प्रश्न विचारला नाही, तिथे न्यायाचं काम भुतावर पडतं, एवढं मात्र त्या शेवटातून नीट कळतं.

सिनेमा तोच, कान बदलले

२०१७ च्या ऑक्टोबरमध्ये अमेरिकेत ‘मी टू’ची लाट आली. मोठमोठ्या निर्मात्यांनी काय काय केलं हे नट्या नावानिशी सांगू लागल्या. पाठोपाठ २०१८ मध्ये आपल्याकडेही बायका बोलू लागल्या. आणि त्याच २०१८ साली तिकडच्या लेखिका-समीक्षकांनी, तरुण मुलींनी हा जुना सिनेमा पुन्हा काढून बघितला. यश हवं म्हणून मुलीचा बळी देणारे पुरुष, त्यांना डोक्यावर घेणारं गाव, खरं बोलणारीला वेडी ठरवणं... हे सगळं नऊ वर्षांपूर्वीच कुणीतरी सांगून ठेवलं होतं! तेव्हा ज्यांनी नावं ठेवली त्यांनी या सिनेमाची माफी मागायला हवी, असंही लिहिलं गेलं. मेगन फॉक्सनेही २०१९ मध्ये उघडपणे सांगितलं, की त्या काळात सगळीकडून होणाऱ्या टिंगलीने ती मनाने पार मोडून गेली होती, लोकांसमोर जायची तिला भीती वाटत होती. म्हणजे पडद्यावरची जेनिफर आणि बाहेरची मेगन, दोघींच्या देहाचा सौदा दुसऱ्यांनीच केला होता.

आपल्याकडे ऑगस्ट २०१८ मध्ये ‘स्त्री’ आला आणि तुफान चालला. गावातले पुरुष अंधार पडल्यावर बाहेर पडायला घाबरतात आणि बायका त्यांना जपून जा म्हणून सांगतात, हे बघताना थिएटरात आपण किती हसलो! तोच भुताचा आणि विनोदाचा मेळ. पण तो हसतखेळत विकला गेला, बायका-पोरांसकट घरंच्या घरं बघायला गेली. ‘जेनिफर्स बॉडी’ला ती संधीच मिळाली नाही.

मिनेसोटात डेव्हिल्स केटल नावाचा धबधबा खरोखरच आहे. त्यावरूनच सिनेमातल्या गावाचं नाव घेतलंय. ब्रूल नदीचं अर्धं पाणी तिथे खडकातल्या एका खळग्यात पडतं आणि दिसेनासं होतं. ते कुठे जातं हे कोडंच होतं. २०१७ च्या सुरुवातीला तिथल्या जलतज्ज्ञांनी मोजमाप करून सांगितलं, की ते कुठेच जात नाही. थोडं खाली गेल्यावर त्याच नदीला परत मिळतं. वरचा आणि खालचा प्रवाह जवळजवळ सारखाच भरला. सिनेमातही त्या खळग्यात फेकलेला सुरा नीडीला खालच्या बाजूला सापडतो. लेकीने हे सांगितल्यावर सासूबाई म्हणाल्या, "पाण्यात टाकलेलं वर येतंच. वेळ लागतो."

सिनेमा संपला तेव्हा सव्वाबारा वाजून गेले होते. सासूबाई झोपल्या असतील असं मला वाटत होतं, पण त्या जाग्या होत्या. इंग्रजी एक अक्षर कळत नसताना बऱ्याच वेळाने म्हणाल्या, "हडळ उगाच होत नाही गं कुणी. आमच्या गावच्या वडावर एक होती म्हणायचे. पहिलटकरीण होती. तीन दिवस अडली, पण कुणी गाडी जुंपली नाही. मग मेल्यावर सगळे घाबरून नारळ द्यायला लागले."

आता मी का गप्प बसले ते सांगते. पंधराएक वर्षांपूर्वी मी महिलांच्या सल्ला केंद्रात नुकतीच जाऊ लागले होते. एके दुपारी एक मुलगी आईबरोबर आली. कॉलेजातली असावी. ओळखीच्या मुलाने गाडीवरून सोडतो म्हणून भलतीकडेच नेलं होतं. मी तिला पाणी दिलं, पाठीवर हात ठेवला आणि पहिला प्रश्न विचारला, "पण बाळा, तू त्याच्या गाडीवर बसलीसच कशाला?" माझ्या मनात वाईट काही नव्हतं. आवाजही मायेचाच होता. तिने मान खाली घातली. पुढच्या बुधवारी या म्हणून सांगितलं होतं, त्या आल्या नाहीत. पुन्हा कधीच आल्या नाहीत.

आता केंद्रात नवीन मुली कामाला आल्या की मी त्यांना सांगते, पहिला प्रश्न ‘आत्ता तुला सुरक्षित वाटतंय का’ हा विचारायचा. ‘कशाला गेलीस’ हा प्रश्न आपल्या वहीत नको. तरीही परवा तो माझ्याच तोंडून निघाला, तोही पडद्यावरच्या परक्या मुलीसाठी. इतका तो आत मुरलेला आहे.

म्हणून मैत्रिणींनो, हा सिनेमा बघायला मिळाला तर बघा, नाही मिळाला तरी हरकत नाही. पण तुमच्या गावच्या पिंपळावर, विहिरीवर, वेशीवर जी कुणी बसते म्हणतात, तिच्याबद्दल घरातल्या म्हाताऱ्या बायकांना एकदा विचारा. तिचं नाव काय होतं? ती कशाने गेली? आणि त्या रात्री गावातली बाकीची माणसं कुठे होती?